चूलबंद आवतण: कळवणच्या लग्नघराचा जुना हिशेब

कळवण तालुक्यात एप्रिल लागला की दोन कामं एकदम अंगावर येतात. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायचा आणि घरातलं लग्न उरकायचं. कांदा निघाला की शेत मोकळं होतं, हातात थोडा पैसा खेळतो, पोरांच्या शाळा सुटतात आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, मुहूर्त तोंडावर येतो. बाजार समितीत त्या वर्षी कांद्याला काय भाव लागला, त्यावर मांडवाची लांबी-रुंदी ठरते. भाव पडला तरी ठरलेली तारीख सहसा मोडत नाहीत, आणि दारात आलेल्याला उपाशी पाठवणं तर या मुलखात कुणाच्या मनातही येत नाही. थोड्या पैशांत लग्न करायचं आणि पाहुणा तृप्त होऊन गेला पाहिजे, ही ओढाताण आजची नाही. पूर्वीची माणसं ती कशी निभावत होती, याचा माग काढला तर बरंच काही हाती लागतं.

नाशिकच्या उत्तरेला, शहरापासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर हा तालुका आहे. १८६९ साली नाशिक जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा मालेगाव-बागलाणचा प्रदेश खानदेशातून काढून त्याला जोडला गेला. कागदावर जिल्हा बदलला, बोली बदलली नाही. गिरणाकाठच्या गावांत आजही अहिराणी बोलली जाते आणि कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून या पट्ट्याला लोक ‘कसमादे’ म्हणतात. तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग डोंगराळ. कनाशी, दळवट, जयदरकडं निघालं की कोकणा, महादेव कोळी, भिल्ल यांची वस्ती लागते. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत कळवण तालुका पेठ आणि सुरगाण्याबरोबर अख्खाच्या अख्खा आला आहे. त्यामुळं इथं लग्नाच्या दोन वेगळ्या तऱ्हा शेजारी शेजारी नांदल्या. पूर्वेला बागायतदार कुणब्याचं लग्न, पश्चिमेला नागली-उडीद पिकवणाऱ्या आदिवासींचं. दोन्हीकडं रोकड कमी होती आणि दोन्हीकडं पाहुणे भरपूर होते.

लग्नापायी शेतकरी बुडतो, हा आरोप फार जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि दंगा पुणे-अहमदनगर भागात पसरला. चौकशीसाठी सरकारनं आयोग नेमला. शेतकरी कर्जबाजारी का होतो, तर लग्नकार्यांवर पैसा उधळतो म्हणून, असं तेव्हाच्या अंमलदारांतले अनेकजण धरून चालले होते. आयोगानं हिशेब तपासले आणि उलटाच निष्कर्ष काढला. लग्नाचा खर्च कुणब्याच्या ऐपतीच्या मानानं जास्त दिसतो हे खरं, पण असे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात; अनेक वर्षांत मिळून त्यानं केलेला हा खर्च त्याच्या स्थितीतल्या माणसानं आनंदासाठी करावा त्याहून जास्त नाही. त्याला बुडवतात ती सारा, बियाणं, बैल आणि पोटाचं धान्य यांसाठी वारंवार काढलेली लहान लहान कर्जं. कळवण त्या दंग्यात नव्हतं, पण रोख साऱ्याची आणि सावकारी व्याजाची रीत इथंही तीच होती. दीडशे वर्षांनंतरही शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की बोट आधी त्याच्या मुलीच्या मांडवाकडं जातं. तेव्हाच्या परक्या सरकारच्या आयोगानं जो न्याय दिला, तो आपल्याच माणसांकडून या शेतकऱ्याला क्वचित मिळतो.

आता प्रत्यक्ष लग्नघरात जाऊ.

जुन्या लग्नाला आवतण असे ते बहुधा चूलबंद. म्हणजे त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल पेटायची नाही, सगळं गाव लग्नघरी जेवणार. ऐकायला हे फार महागडं वाटतं. पण ज्याची चूल बंद, त्या घरातले सगळे हात लग्नघराला मोकळे, हेही त्यातच आलं. मांडवाचे मेढे भाऊबंदांनी तोडून आणायचे, वर आंबा-जांभळाचे डहाळे गावच्या पोरांनी टाकायचे. दळण-कांडण, डाळी निवडणं, हळद कुटणं हे बायका आठ-पंधरा दिवस आधीपासून वाटून घेत, आणि त्या कामाबरोबर गाणी चालत, त्यामुळं ते काम वाटतही नसे. लग्नाच्या दिवशी गोठ्यागोठ्यातलं दूध लग्नघरी जमा व्हायचं. गोधड्या, घोंगड्या, तांबे, समया शेजारून यायच्या. वऱ्हाडाचा मुक्काम एका घरावर पडत नसे. जानवसा कुणाच्या पडवीत, कुणाच्या माडीवर, कुणाच्या खळ्यात असा विभागलेला असे.

याच भागातल्या नदीखोऱ्यांनी पाणीवाटपाची फड पद्धत काही शतकं चालवली. मोसम, आराम, गिरणा, पांझरा या नद्यांवर लहान बंधारे घालायचे, पाट काढायचे, फडातलं पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाटकऱ्यानं पाळीप्रमाणं पाणी सोडायचं. थोडं पाणी पुष्कळांना पुरवण्याची ही शिस्त ज्या गावांना ठाऊक होती, त्यांनी थोडी शिधासामग्री पुष्कळांना पुरवण्याचीही घडी बसवली, याचं नवल वाटायला नको.

ही घडी सर्वांत स्पष्ट दिसायची ती पंगतीत. जमिनीत लांब चर खणून चूल केलेली. तिच्यावर ओळीनं मोठी पातेली. भात शिजवण्यात गावात एकदोघांचाच हात बसलेला असायचा आणि त्या दिवशी पाटलानंही त्यांचं ऐकायचं. जेवणात पदार्थ मोजके. वरण, भात, वांग्या-बटाट्याची रस्साभाजी, पोळी किंवा पुरी आणि गोड एकच. आधी गुळाची लापशी किंवा शिरा असे, पुढं बुंदी आली. वाढपी ही मानाची जागा. पत्रावळी मांडणारा पुढं, त्याच्या मागं मीठ-चटणी, मग भाजी, मग पोळी, मग भात आणि त्यावर वरणाचं ओगराळं. भाताचं घमेलं हाती देताना जाणते लोक माणूस पारखून घेत. सढळ हात पहिल्याच पंगतीत भात संपवतो आणि आखडता हात घराचं नाव घालवतो. आग्रह करायचा, पण तो पानात टाकण्याआधी. पान लखलखीत करून उठणं हा जेवणाऱ्याचा शिष्टाचार, त्यामुळं वाया फारसं जात नसे. बसलेली सगळी माणसं जेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. घाई नको म्हणून दुसरी पंगत समोरच गप्पा मारत थांबलेली असायची. यात जिला उशिरा जेवण मिळे, ती बहुतेक वेळा लग्नघरची बाई असायची आणि ज्यांना वेगळ्या पंगतीत, मांडवाच्या कडेला बसवलं जायचं, त्या जातीही होत्या. जुन्या पंगतीचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

पत्रावळीचा खर्च तर जवळजवळ शून्य. पळसाची पानं बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण करायचे. होळीच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. नवी पालवी पुरेशी मोठी व्हायला चैत्र-वैशाख उजाडतो. म्हणून सुरुवातीच्या मुहूर्तांसाठी आदल्या हंगामातली वाळलेली पानं गठ्ठे करून ठेवलेली असत. मांडण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडलं की ती पुन्हा मऊ होतात. डोंगरातल्या बायका गठ्ठे डोक्यावर घेऊन बाजाराला यायच्या. पूर्वेकडच्या लग्नाची ताटं पश्चिमेकडच्या रानातून यायची, असं हे दोन्ही भागांना बांधून ठेवणारं देणंघेणं होतं.

आहेराची वही हा या हिशेबाचा कणा. मांडवाच्या दाराशी एक अक्षरवळण चांगलं असलेला माणूस बसतो, नाव, गाव आणि रक्कम किंवा वस्तू टिपून घेतो. वही जपून ठेवली जाते, कारण आहेर देणाऱ्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा तेवढंच, शक्यतो थोडं जास्त परत करायचं असतं. सावकाराच्या वहीत व्याज चढायचं, या वहीत फक्त आठवण चढायची. ज्याच्या घरी आज लग्न आहे त्याला गावानं मिळून बिनव्याजी रक्कम उभी करून द्यायची आणि ती वीस वर्षांत पाळीपाळीनं फिटायची, असा हा व्यवहार. सुशिक्षितांना तो मानपानाचा बडिवार वाटतो. टोपी-उपरण्यांच्या ढिगाबद्दल ते म्हणणं खरंही आहे. ज्याला तीस ठिकाणांहून टोप्या मिळाल्या तो त्या पुढच्या लग्नात देऊन टाकतो, पैसा मात्र दर वेळी दुकानदाराकडं जातो. पण रोख आणि धान्याचा आहेर ही वेगळी गोष्ट आहे. त्यानं कित्येक मांडव उभे राहिले.

पश्चिमेच्या डोंगरात पैशाचा प्रश्न आणखी वेगळ्या पद्धतीनं सोडवला गेला. इथं हुंडा नव्हता. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायची रीत होती, कारण तिच्या जाण्यानं त्या घरातले कामाचे दोन हात कमी होतात. देज देण्याची ऐपत नसेल तर मुलगा काही वर्षं सासऱ्याच्या शेतात राबायचा. लग्नाचा खर्च जमत नसेल तर सोपी वाट होती, लग्न मागं ठेवायचं. दोन्ही घरांची संमती घेऊन जोडपं संसाराला लागायचं, मुलंबाळं व्हायची, आणि पैसा हाती आला की मांडव घालायचा. तोपर्यंत त्या घराला कुणी नावं ठेवत नसे. पण एक बंधन होतं. आई-बापाचं लग्न लागलेलं नसेल तर मुलांचं लावता येत नाही. म्हणून एकाच मांडवात आधी आई-बापाला हळद लागायची आणि मग पोराला. उडदाची डाळ आणि भात, संबळाचा ठेका, रात्रभर नाच. नातेवाईक येताना तांदूळ, नागली, डाळ घेऊन यायचे. बाहेरच्या माणसानं या रिवाजाकडं पाहून नाक मुरडलं, पुढं वर्तमानपत्रांनी त्याला शहरी नावं दिली. मुळात त्यात एक शहाणपण होतं. दोन माणसांचा संसार सुरू होणं आणि गावाला जेवण घालणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या आणि दुसरीसाठी पहिली अडवून ठेवली नव्हती. देजीच्या ओझ्यानं मुलं सासऱ्याकडं वर्षानुवर्षं अडकून पडली आणि लग्न न लागलेल्या बायकांना कागदोपत्री हक्क मिळवताना त्रास झाला, ही त्याची दुसरी बाजू.

सुधारकांनी लग्नखर्चाला हात घातला तो वेगळ्या टोकाकडून. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी लावलं. सीताराम आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांच्या त्या विवाहात भटजी नव्हता, दक्षिणा नव्हती, वधूवरांनी समाजासमोर प्रतिज्ञा घेतल्या. सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. गरिबाच्या लग्नातला कोणता खर्च खरोखर त्याचा आणि कोणता त्याच्यावर लादलेला, हा भेद त्यांनी केला. नाशिक जिल्ह्यात हा विचार पुढं रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे यांच्या पिढीनं रुजवला. १९१४ मध्ये सुरू झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजामागं हीच मंडळी होती. लग्नातला पैसा वाचवून शाळेत घालावा, हे इथल्या शेतकऱ्याला पटू लागलं ते या काळात.

गाडगेबाबांनी तेच कीर्तनातून घराघरांत नेलं. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाप्रमाणं दारू-मटणाचं जेवण न देता गोडाचं साधं जेवण दिलं, तेव्हा भाऊबंद रागावले होते. कर्ज काढून लग्न करू नका, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. पण याच बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभी केली. नाशिकला गोदाकाठची धर्मशाळा त्यांचीच. खर्च कमी करा म्हणणारा हा माणूस कुणाला जेवू घालू नका असं कधी म्हणाला नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

घडी विस्कटली ती कुणाच्या उधळपट्टीनं नाही, रस्त्यांनी. बैलगाडीनं येणारं वऱ्हाड जितक्या गाड्या तितकंच असायचं, आणि एकदा आलं की दोन-तीन दिवस राहायचं. राहणारा पाहुणा कामालाही लागतो. पाणी भरतो, लाकूड फोडतो, वाढायला उभा राहतो. १९४८ पासून एस.टी. धावू लागली, पुढं वऱ्हाडासाठी कराराची गाडी मिळू लागली, ट्रक आले, जीप आल्या, मोटारसायकली आल्या. मुक्काम तासांवर आला आणि माणसं हजारांवर गेली. लग्नाच्या दिवशी एका माणसानं चार गावांतले चार मुहूर्त गाठायचे, अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि निघायचं. तासाभरात हजार-दोन हजार माणसांना जेवू घालणं भाऊबंदांच्या आवाक्यात राहिलं नाही. मग आचारी आला, त्याच्यामागं मंडप डेकोरेटर, मग ताटामागं भाव सांगणारा केटरर, मग लॉन्स. पूर्वी शंभर घरांत विरून जाणारा खर्च एका बिलावर, एका माणसाच्या नावानं येऊ लागला. कालव्याचं पाणी, कांदा आणि डाळिंबानं ज्यांच्या हातात पैसा आला त्यांनी तो चुकवला. ज्यांच्याकडं आला नाही त्यांनीही चुकवला, कारण आवतणाची यादी मात्र जुन्याच मोजमापानं चालू राहिली.

सरकारनं अधूनमधून पाहुण्यांवरच बंधन घालून पाहिलं. महायुद्धातल्या रेशनिंगच्या आणि नंतरच्या धान्यटंचाईच्या काळात किती लोकांना जेवण घालावं यावर आदेश निघाले. सगळ्यांत कडक आदेश आपण पाहिला तो एप्रिल २०२१ मधला: करोनाच्या दुसऱ्या लाटेत लग्नाला २५ माणसं, दोन तास, आणि मोडल्यास ५० हजारांचा दंड. त्या काळात अनेक घरांची लग्नं फार थोडक्यात झाली. पण निर्बंध उठताच याद्या पुन्हा लांबल्या, आणि यात नवल काही नाही. ज्या माणसाच्या वहीत पाचशे घरांचे आहेर लिहिलेले आहेत, त्याला पंचवीस माणसं बोलावून ते फेडता येत नाहीत.

सामुदायिक विवाह हा त्याहून बरा मार्ग ठरला, कारण त्यात मांडव एक आणि खर्च वाटून. १९८० च्या दशकात पुण्यात शांतिलाल मुथा यांनी जैन समाजात त्याचा मोठा प्रसार केला आणि नंतर महाराष्ट्रभर निरनिराळ्या समाजांचे असे सोहळे होऊ लागले. राज्य सरकारच्या शुभमंगल योजनेत शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींच्या अशा लग्नाला आधी १० हजार रुपये आणि संस्थेला जोडप्यामागं २ हजार मिळत. पुढं ते २५ हजार आणि अडीच हजार झाले. नोंदणी पद्धतीनं लग्न केलं तरी ही मदत मिळते. आदिवासी जोडप्यांसाठी वेगळी कन्यादान योजना आहे. डोंगरातल्या ज्या जोडप्यांचा मांडव वर्षानुवर्षं राहून गेला होता, त्यांना आई-बाप होऊनही हळद लावून घेण्याची आणि त्याबरोबर सरकारी नोंद मिळवण्याची सोय अशा सोहळ्यांत झाली. तरीही बागायती गावांत सामुदायिक लग्नाला ‘गरिबाचं’ म्हणून कमी लेखतात. हा कमीपणा मनातून गेला तर या तालुक्यातल्या किती बापांची झोप परत येईल!

अलीकडं कसमादेत लोकांनी आपणहून एक वाट काढली आहे. साखरपुड्याला दोन्हीकडची माणसं जमतात, बोलणी होतात, आणि तिथंच कुणीतरी वडीलधारा म्हणतो, आता सगळे आहेतच, तर अक्षता टाकूनच घेऊ. साखरपुड्यातच लग्न उरकल्याच्या बातम्या या भागातल्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. हळद आणि लग्न एकाच दिवशी घेणं, टोपी-उपरणं-शाल-श्रीफळाला फाटा देणं, वरातीचा डीजे बंद करणं, मुहूर्ताची वाट न पाहता आधी जेवणं सुरू करणं, हेही वाढलं आहे. शेवटची गोष्ट फार कामाची. नाचणाऱ्या वरातीमुळं मुहूर्त दोन-दोन तास लांबतो आणि लांबून आलेला म्हातारा पाहुणा उन्हात ताटकळतो. त्याला आधी जेवू घालायला एक पैसा जास्त लागत नाही. २०२५ साली पुणे जिल्ह्यातल्या एका हुंडाबळीनंतर मराठा समाजाच्या बैठकांत लग्नाची आचारसंहिता ठरली. मोजके पाहुणे, डीजे नको, प्री-वेडिंगचं प्रदर्शन नको, हुंडा तर नकोच.

दरम्यान जुन्या गोष्टी वेगळ्या रूपात परत येत आहेत. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली आणि पानाच्या पत्रावळीला पुन्हा मागणी आली. आता ती यंत्रावर दाबून केलेली असते, पण पान रानातलंच असतं. आदिवासी भागातल्या बचत गटांनी सरकारी योजनांतून मोठी पातेली, पराती, सतरंज्या, मंडपाचं कापड घेतलं आहे. गावातल्या लग्नाला ते नाममात्र भाड्यानं जातं आणि भाडं गटाच्या खात्यात राहतं. पूर्वी शेजाऱ्याच्या घरातून मागून आणलेला तांब्या जे काम करायचा, तेच काम आता नोंदवहीत लिहून, पावती देऊन होतं. गटातल्या बायका पातेली परत घेताना ती मोजून, उलटी करून, घासलेली आहेत की नाही हे बघून घेतात, आणि पुढच्या तारखेचं लग्न कुणाचं हे तिथंच लिहून ठेवतात.